पॉलिशचा अंदाज

सरोजिनी नगर हे नाव उच्चारताच दिल्लीबाहेरच्या माणसाला तेथील स्वस्त कपड्यांचा बाजार आठवतो. परंतु या नावाची खरी ओळख केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची वसाहत ही आहे. पूर्वी हा परिसर विनय नगर म्हणून ओळखला जाई. पुढे त्याला सरोजिनी नायडू यांचे नाव मिळाले. केंद्र सरकारच्या नोकरीच्या निमित्ताने दिल्लीत आलेली मराठी कुटुंबेही अशा वसाहतींत राहत आली आहेत. सरकारी घराचा एक धर्म असतो. ते आज मिळते आणि बदलीचा किंवा निवृत्तीचा हुकूम आला की सोडावे लागते. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासास मान्यता दिली, त्यांत सरोजिनी नगरही होते. त्या वेळी तर घरे सोडण्याचे कारण बदलीही नव्हते. घर मागे राहते. सोबत जाते ते सामान. त्या सामानात एखादे सागवानी टेबल, शिसवी खुर्च्या, देवघर, कपाट असते आणि ते नव्या घरी नेण्याआधी त्यावर पॉलिशचा हात फिरवून घ्यावा असे घरातील वडीलधाऱ्यांना वाटते.

येथेच एक साधा दिसणारा प्रश्न उभा राहतो : पॉलिश किती आणावे?

या प्रश्नाचे उत्तर बहुधा नजरेने दिले जाते. “टेबल आणि चार खुर्च्या ना? एक डबा पुरे.” पॉलिश करणारा अनुभवी असेल तर त्याची नजर सहसा चुकत नाही, कारण त्या नजरेमागे कित्येक वर्षांचा हिशेब असतो. नवखा मात्र फसतो, आणि फसण्याची किंमत दोन्ही बाजूंनी मोजावी लागते. माल कमी पडला तर काम अर्ध्यावर थांबते आणि दुसऱ्या वेळी आणलेल्या किंवा मिसळलेल्या मालाची छटा पहिल्याशी तंतोतंत जुळत नाही. मग टेबलाचे तीन पाय एका रंगाचे आणि चौथा किंचित काळपट, असे काहीतरी होऊन बसते. ही चूक वरून आणखी एक हात देऊन झाकत नाही. पृष्ठभाग पुन्हा खरवडावा लागतो. माल जास्त झाला तर पैसे अडकतात, आणि काही प्रकारचे पॉलिश तर डब्यातच निकामी होते. शिवाय असे काम पुष्कळदा मालासह ठरलेल्या रकमेत घेतले जाते. मग कमी पडलेल्या डब्याचे पैसे मालक देत नाही. ते कारागिराच्या मजुरीतून जातात. चार दिवसांच्या कामात दोन दिवसांची कमाई अशी विरघळून गेल्याची उदाहरणे या धंद्यात दुर्मीळ नाहीत.

अंदाज चुकण्याचे पहिले कारण असे की, डोळ्याला वस्तू दिसते, तिचा पृष्ठभाग दिसत नाही. टेबल म्हटले की आपल्यासमोर त्याची वरची फळी उभी राहते. ती पाच फूट लांब आणि तीन फूट रुंद असेल तर तिचे क्षेत्रफळ १५ चौरस फूट. आता त्याच टेबलाचा पृष्ठभाग मोजपट्टी घेऊन नीट मोजून पाहू. फळीची खालची बाजू पुन्हा १५ चौरस फूट. फळीच्या कडा एक इंच जाडीच्या धरल्या तर १६ फूट घेराला त्या सुमारे सव्वा चौरस फूट भरतात. प्रत्येक पाय अडीच इंच चौरस आणि २९ इंच उंच धरला तर त्याचा घेर १० इंच. म्हणजे एका पायाचे २९० चौरस इंच, दोन चौरस फुटांहून किंचित अधिक. चार पायांचे आठ. फळीखालच्या आडव्या पट्ट्यांची एकूण लांबी १४ फूट आणि उंची चार इंच धरून त्यांच्या दोन्ही बाजू व खालची एक इंची कड मोजली तर साडेदहा चौरस फूट होतात. सर्वांची बेरीज ५० चौरस फुटांच्या आसपास जाते. नजरेने १५ पाहिले होते. हाताला ५० रंगवायचे आहेत.

खुर्चीच्या बाबतीत हा फरक अधिकच वाढतो. दीड फूट चौरस बैठक म्हणजे केवळ सव्वादोन चौरस फूट. परंतु बैठकीच्या दोन्ही बाजू, मागचे उंच पाय, पुढचे पाय, पायांना जोडणारे दांडे, पाठीच्या पट्ट्या असे सगळे मोजत गेले की साध्या लाकडी खुर्चीचा पृष्ठभाग १५ ते १६ चौरस फूट होतो. चार खुर्च्या मिळून ६३. म्हणजे जिला ‘टेबलाबरोबरची’ म्हणून सहज हिशेबात टाकले जाते, त्या खुर्च्यांना टेबलापेक्षा अधिक पॉलिश लागते. लाकूड जितके बारीक तुकड्यांत विभागलेले, तितका त्याचा पृष्ठभाग मोठा, हे येथे ध्यानात घ्यावे.

गोल वस्तूंची गंमत निराळीच. सावंतवाडीची रंगीत लाकडी फळे महाराष्ट्रात प्रसिद्ध आहेत. त्यांतील सात सेंटिमीटर व्यासाचे एखादे संत्रे समोर ठेवले तर डोळ्याला सुमारे साडेअडतीस चौरस सेंटिमीटरचे एक वर्तुळ दिसते. गोलाचा पृष्ठभाग मात्र त्या वर्तुळाच्या बरोबर चौपट, म्हणजे १५४ चौरस सेंटिमीटर असतो. कातीव पायांच्या जुन्या फर्निचरलाही हाच न्याय लागू पडतो. अशा पायाला सूत्र लावत बसण्यापेक्षा त्याच्या जाड, मध्यम व बारीक भागांभोवती दोरी गुंडाळून तीन घेर मोजावेत, त्यांची सरासरी काढावी आणि तिला उंचीने गुणावे. पॉलिशच्या कामासाठी एवढी अचूकता पुरते.

कपाटाच्या बाबतीत मोजमापाइतकाच महत्त्वाचा असतो तो आधीचा करार. सहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दीड फूट खोल कपाटाचा दर्शनी भाग, दोन्ही बाजू व वरचा माथा मिळून सुमारे ४० चौरस फूट होतात. आतल्या चार फळ्यांच्या दोन्ही बाजू, आतील भिंती, पाठ, तळ, छत आणि दारांची आतील बाजू मोजली तर ९९. बाहेरच्यापेक्षा आतले कपाट अडीच पट मोठे! “कपाटाला पॉलिश करून द्या” या एका वाक्यात आतली बाजू धरली आहे की नाही, यावरून घरमालक आणि कारागीर यांच्यात जितके वाद होतात, तितके मजुरीच्या दरावरूनही होत नसतील.

प्रत्येक वस्तूची अशी इंचइंच मोजणी शेकडो घरांच्या वसाहतीत करणे अर्थातच अशक्य. सरोजिनी नगरसारख्या वसाहतींची देखभाल पाहणाऱ्या केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने यासाठी जी पद्धत अवलंबली आहे, ती मोठी सोयीची आहे. दरवाजाच्या नक्षीत, खाचांत, कडांत न शिरता त्याची चौकटीसह उंची आणि रुंदी तेवढी मोजायची, आणि त्या सपाट क्षेत्रफळाला दरवाजाच्या प्रकाराप्रमाणे ठरलेल्या एका गुणकाने गुणायचे. चौकट आणि कडा त्या गुणकातच धरलेल्या असतात. पॅनेलच्या दरवाजाला प्रत्येक बाजूस १.३० हा गुणक आहे. सपाट फ्लश दरवाजाला १.२०. अर्धे पॅनेल आणि अर्धी काच असेल तर १.००. संपूर्ण काचेच्या किंवा संपूर्ण जाळीच्या दरवाजाला ०.८०. तिरप्या पट्ट्यांच्या झडपांना १.८०, आणि कोरीव कामाला २.

आता एक मीटर रुंद आणि दोन मीटर उंच अशी एकच मोकळी जागा कल्पावी. तिचे सपाट क्षेत्रफळ दोन चौरस मीटर. तेथे डासांसाठी बसवतात तसा तारेच्या जाळीचा दरवाजा असेल तर दोन्ही बाजू मिळून ३.२ चौरस मीटर रंगकाम भरेल; पॅनेलचा दरवाजा असेल तर ५.२, झडपांचा असेल तर ७.२. भोक एकच, पण एका दरवाजाला लागणारा माल दुसऱ्याच्या दुपटीहूनही अधिक. हे आकडे कोणा एकाच्या लहरीने ठरलेले नाहीत. असंख्य दरवाजांच्या प्रत्यक्ष मोजणीतून आणि कंत्राटदारांशी झालेल्या घासाघिशीतून सरकारी कामाला जी शिस्त येते, तिचा हा नमुना आहे. सरकारी कागदपत्रांची थट्टा करण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु हे लहानसे कोष्टक घरगुती कामालाही जसेच्या तसे वापरता येते.

पृष्ठभाग कळला म्हणजे निम्मे काम झाले. उरलेला निम्मा प्रश्न लाकडाच्या तहानेचा आहे.

एक लिटर द्रव १० चौरस मीटरवर एकसारखा पसरला तर त्याचा थर एक दशांश मिलिमीटर जाडीचा होतो. हे साधे गणित आहे. ब्रशने दिलेल्या व्हार्निशचा ओला थर साधारण याच जाडीच्या आसपास बसतो. म्हणूनच एक लिटर व्हार्निश एका हाताला सुमारे १०० चौरस फुटांना पुरते, असा ढोबळ अंदाज धरतात. १०० चौरस फूट म्हणजे ९.३ चौरस मीटर. मात्र हा अंदाज लाकूड काही पीत नाही असे गृहीत धरतो, आणि लाकूड तर पिते. पहिल्या हाताचा मोठा भाग छिद्रांत मुरतो. मऊ, सच्छिद्र लाकूड अधिक पिते. सागवान, शिसवीसारखे घट्ट लाकूड कमी. त्यातही फळीची जी बाजू तंतूंना आडवे कापल्यामुळे उघडी पडलेली असते, ती सर्वांत तहानलेली असते, कारण झाडाच्या अंगातून पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांची तोंडे तेथे उघडी असतात. पहिला हात वाळून काचकागदाने घासला की ही छिद्रे बऱ्याच अंशी बुजतात आणि पुढचे हात हलके जातात.

तेव्हा वरच्या टेबल-खुर्च्यांचा हिशेब असा मांडता येईल. एकूण पृष्ठभाग ११३ चौरस फूट. पहिल्या हाताला लिटरमागे ८० चौरस फूट धरले तर सुमारे १.४ लिटर. दुसऱ्या आणि तिसऱ्या हाताला लिटरमागे १२० चौरस फूट धरले तर प्रत्येकी ०.९४ लिटर. तिन्ही मिळून ३.३ लिटर. ब्रशात, फडक्यात आणि डब्याच्या तळाशी जे राहते त्यासाठी दहा टक्के जादा धरले तर ३.६. बाजारातून चार लिटर आणावे लागतील. नजरेने टेबलाची फळी आणि चार बैठका, म्हणजे २४ चौरस फूट पाहून केलेला अंदाज तीन हातांसाठी पाऊण लिटरही भरत नाही. ‘एक डबा पुरे’ हे वाक्य येथून येते.

खर्च कमी करण्यासाठी फळीच्या व बैठकांच्या खालच्या बाजूस एकच हात द्यावा, असा विचार कोणी केला तर तो गैर नाही. त्यामुळे सुमारे चारशे मिलिलिटर वाचतात. खालची बाजू अगदीच कोरी ठेवणे मात्र बरे नव्हे. दिल्लीत मे-जूनच्या कोरड्या झळांनंतर लगेच पावसाळ्याची दमट हवा येते. वरची बाजू बंद आणि खालची उघडी असेल तर लाकूड एकाच अंगाने ओलावा घेते-सोडते आणि फळी वाकते.

वरील हिशेबातले ८० आणि १२० हे आकडे उदाहरणापुरते घेतलेले आहेत. प्रत्यक्ष आकडा डब्यावर छापलेला असतो. पण तो कारखान्यातील गुळगुळीत पृष्ठभागावरचा असल्याने बहुधा उदार असतो. त्यापेक्षा विश्वासू मार्ग म्हणजे नमुना. औषधाच्या बाटलीबरोबर मिळणाऱ्या मापाने किंवा अन्य कोणत्याही मापाने बरोबर १०० मिलिलिटर पॉलिश वाटीत घ्यावे, फर्निचरच्या न दिसणाऱ्या भागावर, नेहमीच्या हाताने लावत जावे आणि वाटी संपली की किती भाग झाला ते मोजावे. आठ चौरस फूट झाला असेल तर त्या लाकडाला, त्या मालाला आणि त्या हाताला लिटरमागे ८० हा आकडा बसतो. ‘त्या हाताला’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. एकाच डब्यातून दोन कारागीर काम करू लागले तर एकाचा डबा आधी संपतो, हे कोणत्याही कामावर पाहायला मिळते. फवारणीच्या यंत्राने काम करायचे असेल तर सगळाच हिशेब बदलतो. खुर्चीसारख्या बारीक दांड्यांच्या वस्तूवर फवारा मारताना निम्म्याच्या आसपास माल लाकडाला न लागता हवेत जातो.

लाखेच्या पॉलिशची गोष्ट यापेक्षा वेगळी आहे आणि थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. लाख हा एका सूक्ष्म किड्याचा स्राव आहे. पळस, बोर, कुसुंब या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर हे किडे वसाहत करून राहतात. भारतात लाखेचे सर्वाधिक उत्पादन झारखंडात होते. रांचीजवळच्या नामकुम येथे लाखेच्या संशोधनासाठी १९२४ साली संस्था स्थापन झाली. कर्नाटकातील चन्नपट्टणचे कारागीर ही लाख घनरूपातच वापरतात. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडाला धरते. फर्निचरसाठी मात्र लाखेच्या पातळ पापुद्र्यांचा, ज्याला चपडा म्हणतात त्याचा, स्पिरिटमध्ये द्राव करतात. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या नियमाप्रमाणे एक लिटर स्पिरिटला १४० ग्रॅम शुद्ध लाख घ्यायची. त्याआधी लाकडाची छिद्रे भरण्यासाठी लिटरभर स्पिरिटमध्ये दीड किलो खडूची पूड मिसळून तिचा लेप द्यायचा. मग तलम कापडात कापूस गुंडाळून केलेल्या बोळ्याने, क्वचित जवसाच्या तेलाचे बोट लावून, पॉलिश घासत न्यायचे.

या प्रमाणातच एक रहस्य दडलेले आहे. लिटरभर द्रावात लाखेचा वाटा आकारमानाने जेमतेम आठवा भाग; उरलेले सात भाग स्पिरिट उडून जाते. त्यामुळे एक दशांश मिलिमीटरचा ओला थर वाळला की त्यातून उरतो तो सुमारे एक मिलिमीटरचा ऐंशीवा भाग, माणसाच्या केसाहून कितीतरी पातळ. व्हार्निशचा जवळजवळ निम्मा भाग लाकडावर टिकतो. म्हणून लाखेच्या पॉलिशमध्ये ‘तीन हात’ ही भाषा चालत नाही. झळाळी येईपर्यंत बोळा फिरत राहतो आणि पुष्कळसा द्रव केवळ लाख वाहून आणण्याच्या कामी येतो.

मग त्याचा अंदाज कसा करावा? लिटरने नव्हे, लाखेच्या वजनाने. नमुन्यावरून तीन लिटर द्राव लागेल असे दिसले तर लाख हवी ४२० ग्रॅम. ती कोरडी आणून ठेवावी आणि दोन-तीन दिवसांच्या कामापुरतीच भिजवत जावी. कोरडी लाख थंड जागी बराच काळ टिकते. स्पिरिटमध्ये विरघळलेली लाख मात्र अल्कोहोलशी हळूहळू संयोग पावत जाते आणि काही महिन्यांनी असे पॉलिश लावले तर ते वाळतच नाही, चिकट राहते. मागील दिवाळीचे उरलेले पॉलिश या दिवाळीला वापरून फर्निचर बिघडवण्याचा प्रकार याच अज्ञानातून घडतो. अर्थात छटेसाठी रंग मिसळायचा असेल तर तो थोडा थोडा मिसळून भागत नाही. सर्व कामापुरता रंग आरंभीच एकदा कालवून बाटलीत वेगळा ठेवावा आणि प्रत्येक वेळी त्यातूनच ठरलेले माप घ्यावे. तयार स्टेनचे चार डबे आणले असले तरी तेही आधी एका मोठ्या भांड्यात एकत्र करावेत, कारण एकाच नावाच्या दोन डब्यांत सूक्ष्म फरक असू शकतो.

अलीकडच्या दोन घटकांच्या पॉलिशमध्ये अडचण उलट दिशेने येते. मूळ द्रवात कठीण करणारा दुसरा द्रव मिसळला की काही तासांतच ते घट्ट होऊ लागते. येथे एकूण किती लागेल याबरोबरच आज दुपारपर्यंत किती संपेल, हाही अंदाज करावा लागतो. सकाळी उत्साहाने दोन लिटर कालवावेत आणि पाहुणे आल्यामुळे काम थांबावे, म्हणजे संध्याकाळी डब्यात दगड.

ऋतूचाही विचार आहे. दिल्लीच्या जून महिन्यात स्पिरिट हातातल्या हातात उडते. उघडा डबा तासाभरात दाट होतो आणि बोळा लाकडावर अडखळू लागतो. म्हणून दिवसभराचा माल झाकणाच्या बाटलीत ठेवून वाटीत थोडाथोडा घ्यावा. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील बाष्प ओल्या थरावर बसून पॉलिशला पांढुरकी झाक येते आणि ती घालवण्यासाठी पुन्हा स्पिरिटचा हात द्यावा लागतो, तोही खर्चच. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च हे महिने या कामाला सर्वांत अनुकूल. बदलीचा हुकूम मात्र ऋतू पाहून येत नाही, आणि जूनमध्ये घर सोडायचे असेल तर हिशेबात दहा टक्क्यांऐवजी पंधरा टक्के जादा धरणे शहाणपणाचे ठरते.

काम संपल्यावर थोडा माल उरलाच पाहिजे. व्हार्निश असेल तर पाव लिटर लहान बाटलीत काठोकाठ भरून, घट्ट बूच लावून ठेवावे. अर्ध्या रिकाम्या डब्यातील हवाच त्याला साय धरायला लावते. बाटलीवर लाकडाचे नाव, छटा आणि तारीख लिहावी, म्हणजे ट्रकमधून सामान उतरवताना टेबलाच्या कोपऱ्याला ओरखडा पडला तर त्याच छटेने तो बुजवता येतो. जवसाच्या तेलाने माखलेले बोळे मात्र गठ्ठा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ते मोकळ्या हवेत पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवून मग टाकावेत.